ब्रेक पॅड आणि ज्वारीचा दाणा

दर रविवारी सकाळी अंगण झाडून झालं की मी गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवी बसते, मोबाईलची बॅटरी लावते आणि चाकाच्या फटीतून आत डोकावते. शेजारीण कुंपणावरून दर वेळी विचारते, "काय हरवलं का हो मॅडम?" मी दर वेळी सांगते, ब्रेक पॅड बघतेय. तिला ते पटत नाही. बाईमाणसानं चाकात डोकं घालावं आणि तिथं काही हरवलेलंही नसावं, हे तिच्या डोक्यात शिरत नाही.

माझ्या मुठीत तेव्हा ज्वारीचा एक दाणा असतो. तो मी तिला अजून दाखवलेला नाही. दाखवला तर ती आधी माझी दृष्ट काढेल आणि मग गावभर सांगेल.

हे बघणं मला दोन माणसांमुळं आलं. एक येडशीचे मिस्त्री आणि दुसरे माझे सासरे. आमच्याकडं सुना सासऱ्यांना मामा म्हणतात, मीही म्हणते. या दोघांचे आभार मी कधी तोंडावर मानले नाहीत. भांडण असेल तर माझी जीभ कशी तुरुतुरु चालते, आभार मानायची वेळ आली की टाळ्याला चिकटते. म्हणून इथं लिहिते. मामांना वाचता येतं, पण ते वाचणार नाहीत, तेवढी सोय आहे.

माझी बदली परंडा तालुक्यातल्या एका शाळेवर झाली तेव्हा मुलगी आठवीत होती. घर येडशीजवळच्या खेड्यात, शाळा पार बार्शीच्याही पलीकडं. एसटीनं जायचं तर गाड्या बदलत, धक्के खात, आणि शाळा भरून गेल्यावर पोचायचं. दोन महिने ती कसरत केली आणि मग परंड्यात खोली घेतली. सोमवारी जायचं, शनिवारी यायचं. शनिवारी मी घरात पाऊल टाकलं की मुलगी पाणी द्यायची, चहा करून बशीत बिस्किटं घालून पुढं ठेवायची. पाहुणीला द्यावा तसा. आठवडाभरात काय झालं विचारलं तर म्हणायची, काही नाही. पूर्वी हीच पोरगी माझ्यामागं स्वयंपाकघरात फिरून वर्गातल्या प्रत्येकीची कागाळी सांगायची.

सासूबाई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. घरात नवरा, मामा आणि ही. तिघंही जेवायचे, झोपायचे, सगळं व्यवस्थित चाललं होतं, आणि तेच मला बघवत नव्हतं.

मग मी त्रेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. जुनी, पांढरी, दुसऱ्याच्या हातची घेतली. नवरा नाही म्हणाला नाही, पण हो म्हणताना त्यानं जी अट घातली ती मला शब्दन् शब्द आठवते. "घाटात तू एकटी. एकदा जरी काही झालं, लहान का असंना, तर गाडी विकायची आणि परत परंड्याला खोली. तेव्हा रडारड चालणार न्हाय." मी म्हणाले, चालेल. हातात किल्ली होती, त्यावेळी मी कशालाही चालेल म्हणाले असते.

पहिल्या दिवशी निघाले तर मामा धोतर-टोपी घालून, भाकरीचं गाठोडं घेऊन शेजारच्या सीटवर येऊन बसलेले. मी म्हटलं, "तुम्ही कुठं मामा?" म्हणाले, "तुझ्यासंगं. शाळा बघून येतो." मला वाटलं एक दिवसाची हौस असेल. ते महिनाभर आले. शाळेच्या आवारात लिंबाखाली दिवसभर बसायचे, सुट्टीत पोरांना बैलांच्या गोष्टी सांगायचे आणि संध्याकाळी माझ्याबरोबर परत यायचे. पंचाहत्तरीतला माणूस. गावात त्यांना मान होता तो बैल पारखण्यासाठी. कुणाला जोडी घ्यायची असली की मामांना बाजारात घेऊन जायचे, आणि मामा एकदा नाही म्हणाले की सौदा तिथंच मोडायचा. चुकलो, हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. मी तर नाहीच.

गाडीत ते बोलायचे नाहीत. पण येडशी सुटून घाटाचा उतार लागला की त्यांचा उजवा पाय पुढं सरकायचा आणि पायाखालच्या रबरी मॅटवर दाबून बसायचा. मी ब्रेक दाबायच्या आधी त्यांचा दाबलेला असायचा. वळण आलं की आणखी जोरात. मला आधी हसू आलं, मग राग आला. आठव्या दिवशी मी म्हणालेच, "मामा, तुमच्या बाजूला ब्रेक नाही बरं का." ते म्हणाले, "ठावं हाय." पाय होता तिथंच राहिला. महिन्याभरात त्या मॅटवर टाचेएवढा गुळगुळीत डाग पडला.

महिन्यानंतर त्यांचे गुडघे धरले आणि ते घरी राहिले. मी एकटी जाऊ लागले. सात वाजता निघायचं, पाच-सव्वापाचला घरी. मुलीनं चहा करणं बंद केलं. उलट मी आले की ओट्यावर चढून बसायची आणि म्हणायची, आई चहा टाक, तुला एक सांगायचंय. एवढ्यासाठी मी रोज दोन वेळा घाट चढायला-उतरायला तयार होते.

दिवाळीची सुट्टी संपली आणि गाडीला शिट्टी लागली. पुढच्या चाकातून, बारीक, चीं असा आवाज. सुरुवातीला सकाळीच यायचा, मग दिवसभर. मला कळत नव्हतं असं नाही. काहीतरी झिजलंय एवढं कुणालाही कळावं. पण गॅरेजला नेणार म्हणजे नवऱ्याला कळणार, आणि त्याला कळणार म्हणजे "बघ, म्हटलं नव्हतं" हे ऐकावं लागणार. मला ते ऐकायचं नव्हतं. म्हणून मी कानाडोळा केला. घराच्या गल्लीत शिरताना रेडिओ मोठा करायचे. शाळेत पोरांना कान धरून सांगणारी बाई मी, आणि स्वतः तीन आठवडे ऐकू येत नसल्याचं सोंग घेतलं.

एका सोमवारी गाडी काढली तर आवाज बंद. अगदी गप्प. मी दोनदा ब्रेक दाबून पाहिला, चीं नाही की चूं नाही. एवढा आनंद झाला मला. आपोआप गेलं बघा, असं मीच मला मोठ्यानं म्हणाले. गावाबाहेरच्या स्पीडब्रेकरवर गाडी जरा जोरात आदळली, पण मला वाटलं माझाच पाय उशिरा पडला.

घाटाचा उतार लागला. पहिल्या वळणाला मी ब्रेक दाबला, पेडल नेहमीसारखं घट्ट लागलं, पण गाडी मात्र तिला ऐकूच गेलं नाही अशी पुढं चालली. आणखी जोरात दाबला. थोडी आवळली, परत सुटली. आणि गाडीत भज्यांचा वास आला. तापलेल्या तेलाचा, अगदी खमंग. अशा वेळी माणसाच्या डोक्यात काय येईल याचा नेम नाही, माझ्या डोक्यात आलं की सकाळी सकाळी इथं भजी कोण तळतंय.

मग भानावर आले. तिसरा गिअर काढून दुसरा टाकला, गाडी हिसका देऊन घोंघावली. मग पहिला. हँडब्रेक थोडा थोडा ओढत राहिले, एकदम ओढायचा नसतो हे शिकवणाऱ्यानं सांगितलेलं नेमकं आठवलं. डोंगराच्या बाजूला रस्त्याच्या कामाचा मुरमाचा ढीग पडला होता. मी गाडी त्यात घातली. धप्प झालं आणि थांबली. मला खरचटलंही नाही. समोरचा बंपर मात्र मधोमध तडकला आणि त्याचे तुकडे मुरमात पडले. कठड्यावरची वानरं माझ्याकडं बघत बसली होती. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. मेले असते म्हणून नाही. परत खोली करावी लागणार म्हणून रडले, हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही.

एका दुधाच्या टेम्पोवाल्यानं दोर लावून गाडी हळूहळू वर येडशीला आणून दिली. तो बिचारा पाणीही न पिता निघून गेला. त्याचेही उपकार.

गॅरेजवर मी नवऱ्याला फोन केला. तो आला तो मोटरसायकलवर मामांना मागं बसवूनच. आधी त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, लागलं का विचारलं, पाणी दिलं. मग बंपरकडं बघून म्हणाला, "बोलणं झालं होतं आपलं." मी मान हलवली. "मग आता परंड्याला खोली बघू." तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी भांडले असते. तो घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाशी काय भांडणार. मामा बाकावर बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून.

मिस्त्रींनी चाक काढलं. सत्तरीच्या आसपासचे असतील, दाढी पांढरी, बोलण्यात दखनीचा गोडवा. त्यांनी आतली चकती बोटानं पुसली, बोट नाकाशी नेलं, परत पुसलं, परत वास घेतला. "बाई," म्हणाले, "ये क्या तमाशा है? डिस्कला तेल लावलंय कुणीतरी. आणि मशीनचं न्हाय, खायचं तेल. करडीचं."

माझं डोकं सणकलं. सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. बाकावर आठ-दहा माणसं चहा पीत बसली होती, त्यांच्यादेखत मी म्हणाले, "कुठल्या शहाण्याचं काम आहे हे? जीव गेला असता माझा. असला माणूस माझ्यासमोर आला तर त्याला विचारते, अक्कल कुठं गहाण ठेवलीस म्हणून."

मिस्त्री हात पुसत होते. एवढ्यात काठी टेकल्याचा आवाज आला आणि मामा उठून उभे राहिले.

"त्येल म्या घातलं," ते म्हणाले.

मला आधी समजलंच नाही. नवरा म्हणाला, "बाबा, काय बोलताय?"

"काल सांजच्याला घातलं. चारी चाकात. शिलाई मशीनच्या त्येलाची ती चोचवाली डबी न्हाय का, तिच्यात करडीचं भरून घातलं. बैलगाडीचं चाक कुरकुरलं की आमी वंगण घालत व्हतो. जन्मभर घातलं. मला वाटलं हिचंबी तसंच असंल." मग ते माझ्याकडं वळले. "तू रोज गल्लीत आली की त्यो रेडिओ मोठा करत व्हतीस. म्या वसरीवर बसून ऐकत व्हतो. ह्याला कळू न्हाय म्हणून करतीस, ते मला कळत व्हतं. घाबरत व्हतीस तू. म्हणून त्या शिट्टीला गप केली."

दोन मिनिटांपूर्वी मी ज्याची अक्कल काढली तो हा माणूस होता. त्यांना गप्प बसता आलं असतं. तेलाचं कोडं कुणाला सुटलं नसतं, मिस्त्रींनी गाडी धुऊन दिली असती आणि विषय संपला असता. समोर बसलेल्यांतले निम्मे लोक त्यांच्या पारखीवर बैल घेणारे होते. त्या लोकांसमोर या म्हाताऱ्यानं सांगितलं की मला कळलं नाही, मी चुकलो. आणि नवऱ्याला म्हणाले, "चूक माझी. तिला कशाला खोलीवर धाडतूस?"

मग मलाही गप्प राहवेना. मी म्हणाले, तेल त्यांनी घातलं हे खरं, पण शिट्टी तीन आठवड्यांपासून वाजतेय आणि मी ती लपवली. मामांना दुसरं काय दिसणार होतं, मी कान झाकून फिरत होते. नवरा एकदा माझ्याकडं, एकदा वडिलांकडं बघत राहिला. मग खाली बसला आणि स्वतःचं कपाळ चोळत म्हणाला, "मला सांगायला एवढी भीती वाटते व्हय तुम्हा दोघांना?" त्या दिवसापासून तो कशालाही "म्हटलं नव्हतं" म्हणालेला नाही, हेही त्याच्या बाजूनं लिहायला हवं.

मिस्त्रींनी दोन्ही पॅड काढून माझ्या तळहातावर ठेवले. लोखंडी पट्टीवर काळा मसाला असतो, तो झिजून नखाच्या जाडीएवढा राहिला होता. "इकडं बघा बाई. ही पत्र्याची बारकी जीभ दिसती? मसाला संपत आला की ही चकतीला घासते आणि चीं करते. ती तुम्हाला बोलावत होती. तुमच्या मामांनी तिचं तोंड बंद केलं, तुम्ही तुमचे कान बंद केले. दोघांना अर्धी अर्धी शिक्षा." बाकावरची माणसं हसली. मामाही हसले, जरा उशिरानं.

मग त्यांनी मला सगळं नीट सांगितलं. शिट्टी आली की आठवड्याच्या आत दाखवायचं. शिट्टी जाऊन खरखर सुरू झाली तर गाडी तिथंच उभी करायची, कारण तेव्हा लोखंडावर लोखंड घासत असतं. बॉनेट उघडून ब्रेक ऑईलच्या डबीची पातळी बघायची, ती हळूहळू खाली जात असली तर पॅड झिजतायत किंवा कुठंतरी गळतंय, दोन्ही वेळा दाखवायचं. ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढली किंवा पायाखाली थरथरली तरी यायचं. आणि महिन्यातून एकदा तरी चाकाच्या फटीतून बॅटरी मारून मसाला बघायचा. मी विचारलं, किती उरला की बदलायचा? ते म्हणाले, तीन मिलीमीटर. मामांनी विचारलं, "म्हंजी किती?" मिस्त्री विचारात पडले. मामांनी बंडीच्या खिशात हात घातला. त्यांच्या खिशात कायम मूठभर धान्य असतं, कुठल्या तरी रानातलं, बघायला घेतलेलं. त्यातला ज्वारीचा एक दाणा काढून त्यांनी नव्या पॅडच्या मसाल्याशी लावला. मग जुन्याशी. "एवढा?" मिस्त्रींनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "एकदम बराबर. ह्या दाण्याएवढा राहिला की माझ्याकडं यायचं." नव्यावर तीन दाणे मावत होते. जुन्यावर अर्धासुद्धा नाही.

बाजारात मामांची महिनाभर चेष्टा झाली. गाडीला तेल किती लागतं बाबा, भजी कांद्याची का मिरचीची. ते म्हणायचे, "कांद्याची. तुमी नव्हता म्हणून वानरास्नी वाढली." मी एकदा बाजूला उभी राहून हे ऐकलं. माझ्या एका नोकरीपायी या माणसानं जन्मभराचा रुबाब असा हसत हसत वाटून टाकला होता. मला तिथं रडू आलं असतं, म्हणून मी भाजीवाल्याशी भाव करायला लागले.

गाडी बुधवारी मिळाली. गुरुवारी सकाळी मी किल्ली घेऊन अंगणात उभी होते. घाटाचं ते वळण डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. आज रजा टाकावी, असं मनात आलंच. एवढ्यात मामा भाकरीचं गाठोडं घेऊन बाहेर आले. गुडघ्याला पट्टा बांधलेला. नवरा म्हणाला, "बाबा, गुडघे?" ते म्हणाले, "बसून जायचं हाय, मला काय गाडी ढकलायची हाय?" नवऱ्यानं त्यांच्यासाठी दार उघडलं आणि सीटचा पट्टा लावून दिला.

येडशी सुटली. मी गाडी हळू घेतली. दोनदा उगाच ब्रेक दाबून पाहिला, गाडी जागच्या जागी थांबली. उताराची पाटी दिसली तशी माझी नजर सवयीनं त्यांच्या पायाकडं गेली, तो आता सरकणार आणि मॅटवरच्या त्या डागावर दाबून बसणार म्हणून. आणि तो सरकला असता तर मी त्यांना मनातही काही म्हणाले नसते.

मामांनी चपला काढल्या. एक पाय वर घेतला, मग दुसरा, गुडघा दुखला तसे जरा कण्हले आणि सीटवर चक्क मांडी घालून बसले. टोपी डोळ्यांवर ओढली.

"म्या पडतो जरा," ते म्हणाले. "बार्शी आली की उठव."

मी पहिलं वळण घेतलं. दुसरं घेतलं. तडकलेल्या बंपरच्या तुकड्यांनी अजून ओळखू येणाऱ्या त्या मुरमाच्या ढिगापाशी आलो, तेव्हा मी त्यांच्याकडं पाहिलं. ते सोंग घेत असतील असं वाटलं होतं. पण त्यांचं तोंड थोडं उघडं होतं आणि ते खरोखरच घोरत होते.